दोन पत्र्यांमधले गुपित

नेदरलँड्समधील लायडेन हे जुन्या विद्यापीठाचे गाव. तेथे विज्ञानाच्या इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याचे नाव बोएरहावे संग्रहालय. हर्मन बोएरहावे हा अठराव्या शतकातील वैद्यकाचा थोर शिक्षक. ज्या रुग्णालयात तो विद्यार्थ्यांना रोग्याच्या खाटेशेजारी उभे करून शिकवीत असे, त्याच जुन्या वास्तूत हे संग्रहालय आहे. हायगेन्सच्या लंबकाच्या घड्याळाची परंपरा, 1908 साली हेलियम वायू प्रथमच द्रवरूप करणाऱ्या कॅमरलिंग ओनेसची अवाढव्य उपकरणे असे बरेच काही तेथे पाहायला मिळते. पण या साऱ्या संग्रहात आकाराने अगदी लहान असलेली एक वस्तू आपल्या शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला सर्वांत जवळची आहे. ती म्हणजे अँटनी व्हॅन लेव्हेनहूकने स्वतःच्या हाताने केलेला सूक्ष्मदर्शक.

पाठ्यपुस्तकात लेव्हेनहूकचे नाव एका ओळीत येते : 'त्याने सूक्ष्मजीव प्रथम पाहिले.' विद्यार्थी ही ओळ पाठ करतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर शाळेतल्या कपाटातला, नळी आणि दोन-तीन भिंगे असलेला सूक्ष्मदर्शक उभा राहतो. प्रत्यक्षातली वस्तू तशी मुळीच नाही. बोटभर उंचीचे पितळेचे किंवा चांदीचे दोन पातळ पत्रे एकमेकांवर ठेवून रिव्हेटांनी जोडलेले आहेत. दोन्ही पत्र्यांना समोरासमोर एक बारीक छिद्र असून त्यांच्यामध्ये मोहरीच्या दाण्याएवढे एकच भिंग दाबून बसवलेले आहे. भिंगासमोर एक अणकुचीदार टोक असते. पाहायची वस्तू त्या टोकावर लावायची आणि दोन-तीन स्क्रू फिरवून भिंगासमोर आणायची. हा पत्रा डोळ्याला जवळजवळ चिकटवून उजेडाकडे पाहायचे. नळी नाही, आरसा नाही, पायाही नाही.

या चिमुकल्या वस्तूने जगाला जीवाणू दाखवले. त्यातले भिंग कसे तयार केले होते हे मात्र तिच्या कर्त्याने कोणालाही सांगितले नाही. ते गुपित बऱ्याच अंशी उकलले, ते त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, 2021 साली. ते कसे उकलले आणि त्यातून काय हाती लागले हे आपण पाहू.

कापडाचा व्यापारी

लेव्हेनहूकचा जन्म 1632 साली डेल्फ्ट या गावी झाला. तो कापडाचा व्यापारी होता. पुढे त्याला नगरपालिकेत एक लहानशी नोकरीही मिळाली. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन होती. ती त्याला येत नव्हती, इंग्रजीही येत नव्हती. त्याला येत होती फक्त डच. कापडाची वीण तपासण्यासाठी व्यापारी भिंग वापरीत, तेव्हा भिंगांशी त्याची ओळख दुकानातच झाली असावी.

1673 पासून तो लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे लिहू लागला. ती पत्रे डचमध्येच असत आणि सोसायटी त्यांचे भाषांतर करून घेई. 1674 साली त्याने डेल्फ्टजवळच्या एका तळ्यातले गढूळ, हिरवट पाणी काचेच्या कुपीत भरून आणले. त्यात त्याला हिरव्या रंगाचे मळसूत्री धागे आणि इकडेतिकडे पळणारे इवले जीव दिसले. 1676 साली त्याला प्रश्न पडला की मिरी जिभेला का झोंबते? मिरीच्या कणांना बारीक काटे असतील काय? त्या दिवसांत डच जहाजे मलबार आणि जावा-सुमात्रा येथून मिरी नेत असत, त्यामुळे डेल्फ्टच्या स्वयंपाकघरात ती सहज मिळे. त्याने मिरी पाण्यात भिजत घातली. काटे काही सापडले नाहीत. काही दिवसांनी त्या पाण्यात मात्र त्याने पूर्वी पाहिलेल्या जीवांहूनही कितीतरी लहान जीव वळवळताना दिसले. 9 ऑक्टोबर 1676 च्या लांबलचक पत्रात त्याने हे सारे कळवले. जीवाणूंचे हे पहिले वर्णन.

1683 साली त्याने स्वतःच्या दातांमधला मळ तपासला. रोज सकाळी मिठाने दात घासूनही दातांच्या फटीत पांढरट लेप राहतो, हे त्याच्या लक्षात आले होते. तो लेप त्याने स्वच्छ पावसाच्या पाण्यात कालवून पाहिला. त्यातही हालचाल करणारे जीव होते!

वाळूच्या कणाची मोजपट्टी

लेव्हेनहूक नुसते पाहून थांबत नसे, तो मोजत असे. सूक्ष्म अंतरे मोजण्याचे कोणतेही प्रमाण त्या काळी नव्हते. म्हणून त्याने वाळूचा कण, डोक्याचा केस, रक्तातली तांबडी पेशी यांचीच मोजमापे केली. तांबडी पेशी बारीक वाळूच्या कणाच्या पंचवीस हजाराव्या हिश्शाएवढी असते, असे त्याने लिहिले. येथे तुलना आकारमानाची आहे, हे ध्यानात ठेवावे.

वर्गात हे गणित करून पाहण्यासारखे आहे. 25,000 चे घनमूळ साधारण 29. म्हणजे पेशीचा व्यास वाळूच्या कणाच्या व्यासाच्या एकोणतिसाव्या हिश्शाएवढा झाला. बारीक वाळूचा कण पाव मिलिमीटरचा धरला तर उत्तर येते 8.6 मायक्रोमीटर. आज आपण तांबड्या पेशीचा व्यास 7 ते 8 मायक्रोमीटर मानतो. वाळूचा कण हाताशी धरून केलेल्या मापाला याहून अधिक अचूकता मागणे योग्य होणार नाही.

'आम्हाला का दिसत नाहीत?'

एका थेंबात हजारो जीव असतात, हे वाचून रॉयल सोसायटीचे सभासद चक्रावले. तशी शंका येणे साहजिकच होते. लेव्हेनहूकने 1677 साली आठ प्रतिष्ठित माणसांना ते जीव दाखवले आणि त्यांच्या साक्षी लिहून पाठवल्या. पण साक्षीवर विज्ञान चालत नाही. दुसऱ्या कोणाला तरी ते स्वतंत्रपणे दिसायला हवे होते.

हे काम अखेर रॉबर्ट हुककडे आले. 'मायक्रोग्राफिया' या 1665 सालच्या ग्रंथामुळे हुकचे नाव सर्वत्र झाले होते. बुचाच्या पातळ कापातल्या रिकाम्या खणांना 'सेल' हे नाव देणारा तोच. पहिल्या प्रयत्नांत लंडनमध्ये कोणालाच काही दिसले नाही. मग हुकने मिरीचे पाणी भिजत ठेवले, ते केसासारख्या बारीक काचनळ्यांत भरले आणि आपली उपकरणे सुधारली. 15 नोव्हेंबर 1677 च्या सभेत ते जीव उपस्थितांना दिसले. लेव्हेनहूक खरे सांगत होता! 1680 साली सोसायटीने त्याला आपला सभासद करून घेतले.

त्याने काय पाहिले याची खात्री झाली. कशातून पाहिले, ते मात्र तो सांगेना. भेटीला येणाऱ्यांना तो साधे सूक्ष्मदर्शक दाखवी, उत्तम भिंगे स्वतःजवळ राखून ठेवी. भिंगे घासण्याची कला तरुणांना शिकवावी, असे लाइबनिट्सने सुचवले, तेव्हाही त्याने 1715 साली ती सूचना नाकारली. 1723 साली नव्वदाव्या वर्षी तो वारला. त्याच्याबरोबर त्याची रीतही गेली, असे पुढच्या पिढ्यांनी धरून चालले.

एका भिंगाची करामत

त्या काळी दोन किंवा अधिक भिंगांचे संयुक्त सूक्ष्मदर्शकही होते. हुकचा सूक्ष्मदर्शक तसाच होता. मग एका भिंगाचे साधन सरस कसे ठरले?

साध्या भिंगात प्रकाशाचे निरनिराळे रंग निरनिराळ्या ठिकाणी एकत्र येतात, त्यामुळे प्रतिमेच्या कडांना रंगीत झालर दिसते. हा वर्णीय दोष. भिंगाच्या कडेने जाणारे किरण आणि मध्यातून जाणारे किरणही नेमके एका बिंदूत मिळत नाहीत. हा गोलीय दोष. संयुक्त सूक्ष्मदर्शकात पहिल्या भिंगाची सदोष प्रतिमा दुसरे भिंग आणखी मोठी करून दाखवते, दोषांसकट. हे दोष बऱ्याच अंशी काढून टाकणारी वस्तुभिंगे एकोणिसाव्या शतकात आली. तोवर चांगले, लहानसे एकटे भिंगच अधिक स्पष्ट दाखवी.

एकट्या भिंगाने मोठे विशालन मिळवायचे तर त्याचे नाभीय अंतर फार कमी हवे. विशालन म्हणजे 250 मिलिमीटर भागिले नाभीय अंतर, हे आपण शिकवतोच. काचेचा संपूर्ण गोल घेतला आणि काचेचा अपवर्तनांक 1.5 धरला, तर गोलाच्या केंद्रापासून मोजलेले नाभीय अंतर व्यासाच्या पाऊणपट येते. म्हणजे विशालन काढायला 333 ला गोलाच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागले की झाले. 2 मिलिमीटरची गोळी सुमारे 167 पट मोठे दाखवील, तर सव्वा मिलिमीटरची गोळी 266 पट.

गोळी लहान होईल तशी वस्तूही भिंगाच्या अधिक जवळ न्यावी लागते. सव्वा मिलिमीटरच्या गोळीत वस्तू आणि काच यांच्यामध्ये उरते जेमतेम 0.3 मिलिमीटर. लेव्हेनहूकच्या पत्र्यावर ते बारीक स्क्रू कशासाठी होते, हे या आकड्यावरून कळते.

लिलाव आणि हरवलेली पेटी

लेव्हेनहूकने आयुष्यात पाचशेहून अधिक भिंगे केली. त्यांपैकी 26 चांदीचे सूक्ष्मदर्शक एका पेटीत घालून त्याने मृत्युपत्राने रॉयल सोसायटीला दिले. एकोणिसाव्या शतकात ती पेटी सोसायटीच्या संग्रहातून नाहीशी झाली, ती परत मिळाली नाही. उरलेला संग्रह त्याच्या मुलीने, मारियाने, जपून ठेवला होता. ती वारल्यावर 1747 साली डेल्फ्टला त्याचा लिलाव झाला. अडीचशेच्या आसपास पूर्ण सूक्ष्मदर्शक आणि शिवाय पत्र्यांत बसवलेली कितीतरी सुटी भिंगे त्या दिवशी घरोघर पांगली. चांदीचे जिन्नस पुढे बहुधा सोनाराच्या मुशीत गेले असावेत. आज त्याच्या हातचे म्हणून मानले जाणारे सूक्ष्मदर्शक साधारण दहा-बाराच आहेत. त्यांतले काही लायडेनला आहेत आणि सर्वांत अधिक शक्तीचा, 266 पट विशालनाचा सूक्ष्मदर्शक युट्रेख्ट विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

जपून ठेवलेल्या वस्तू कधी बोलू लागतील हे सांगता येत नाही. 1981 साली ब्रायन फोर्ड हा इंग्रज जीवशास्त्रज्ञ रॉयल सोसायटीच्या दप्तरखान्यात लेव्हेनहूकची मूळ पत्रे चाळत होता. एका पत्राला चिकटवलेल्या कागदी पुड्यांत त्याला बुचाचे आणि वनस्पतीच्या भेंडाचे अत्यंत पातळ काप सापडले. लेव्हेनहूकने स्वतः कापून पाठवलेले हे नमुने तीनशे वर्षे तसेच पडून होते. फोर्डने त्यांतले काही नमुने युट्रेख्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वस्तरा चालवण्यात या कापड-व्यापाऱ्याचा हात किती तयार होता, हे त्या कापांवरून दिसून आले.

न्यूट्रॉनची नजर

भिंगाचे कोडे मात्र तसेच होते. छिद्रातून भिंगाचा फक्त मधला भाग दिसतो, त्याच्या कडा पत्र्यांखाली झाकलेल्या. ते घासून केले की वितळवून, हे कडा पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. रिव्हेट काढून पत्रे उघडावेत, तर जगात उरलेल्या दहा-बारांपैकी एकाला कायमची इजा होणार. क्ष-किरण वापरावेत, तर ते पितळात आणि चांदीत अडतात, त्यामुळे मधल्या काचेची रेखीव प्रतिमा मिळणे अवघड.

येथे न्यूट्रॉन उपयोगी पडले. क्ष-किरण अणूतल्या इलेक्ट्रॉनांशी अडखळतात, म्हणून इलेक्ट्रॉन जास्त असलेले धातू त्यांना अडवतात. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो. तो इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून सरळ निघून जातो, त्याची गाठ पडते ती अणुकेंद्राशी. म्हणून पातळ पितळी पत्रा न्यूट्रॉनला बराचसा पारदर्शक असतो. वस्तू थोडी थोडी फिरवत अनेक दिशांनी छायाचित्रे घ्यायची आणि संगणकाने त्यांतून त्रिमिती आकृती उभी करायची. रुग्णालयातला सीटी स्कॅन याच तत्त्वावर चालतो. अडचण एकच. न्यूट्रॉन शोषून तांबे काही काळ किरणोत्सारी होते. पण तांब्याच्या या समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे पावणेतेरा तासांचा आहे, तेव्हा थोडे दिवस थांबले की ती अडचण दूर होते.

हे न्यूट्रॉन आले डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातील संशोधन अणुभट्टीतून, म्हणजे लेव्हेनहूकच्याच गावातून! बोएरहावे संग्रहालय आणि डेल्फ्ट येथील संशोधकांनी 2021 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. लायडेनच्या मध्यम शक्तीच्या सूक्ष्मदर्शकातले भिंग नेहमीप्रमाणे घासून, झिलई देऊन केलेले निघाले. युट्रेख्टच्या त्या सर्वोत्तम सूक्ष्मदर्शकातले भिंग मात्र जवळजवळ पूर्ण गोल होते. घासलेल्या भिंगाचा तो आकार नव्हे. काचेची काडी आचेवर धरून केलेल्या गोळीचा तो आकार होता.

ही कृती कोणाची? रॉबर्ट हुकची! काचेचा तुकडा दिव्याच्या ज्योतीत मऊ करून त्याचा धागा ओढावा, त्या धाग्याचे टोक पुन्हा ज्योतीत धरावे, म्हणजे ते वितळून आपोआप गोल होते, असे त्याने 'मायक्रोग्राफिया'च्या प्रस्तावनेत 1665 सालीच छापले होते. 1678 साली सूक्ष्मदर्शकांवरील एका पुस्तिकेत त्याने ती कृती पुन्हा सविस्तर दिली. ज्याला तीनशे वर्षे गुपित समजले जात होते, ते निदान या भिंगापुरते तरी बाजारात मिळणाऱ्या पुस्तकात छापलेले होते. अर्थात एका भिंगावरून पाचशे भिंगांबद्दल विधान करता येणार नाही. इतर भिंगांसाठी त्याच्याजवळ आणखी काही युक्त्या असतीलही.

मग वेगळे काय होते?

या शोधामुळे लेव्हेनहूक लहान ठरतो का? मला तसे वाटत नाही, उलट पाठ्यपुस्तकातल्या त्या एका ओळीचा अर्थ आता बदलतो. गोळीचे भिंग अधिक स्पष्ट दाखवते, हे हुकला माहीत होते. पण त्याला ते गैरसोयीचे वाटे. इतके लहान भिंग डोळ्याशी धरून पाहण्याचा त्रास होतो, असे त्याने लिहूनही ठेवले आहे. म्हणून तो आपल्या संयुक्त सूक्ष्मदर्शकाकडे वळला. कृती हुककडे होती, भिंगही होते. जीवाणू मात्र लेव्हेनहूकला दिसले. तो तासन् तास त्या छिद्राला डोळा लावून बसला. पावसाचे पाणी, विहिरीचे पाणी, समुद्राचे पाणी, मिरीचे पाणी एकामागून एक तपासत राहिला, तारखा लिहीत राहिला, मोजत राहिला. पन्नास वर्षे हे चालले. दोन पत्र्यांमध्ये जे सापडले, त्यापेक्षा त्यांच्यामागच्या डोळ्याचे श्रेय मोठे आहे.

गुपित ठेवण्याची किंमतही आपण नोंदवली पाहिजे. हुकने कृती छापली म्हणून ती टिकली आणि दुसऱ्याच्या निरीक्षणाची खातरजमा करता आली. लेव्हेनहूकने शिष्य केले नाहीत. त्याच्यानंतर जीवाणूंच्या अभ्यासात दीर्घकाळ म्हणण्यासारखी भर पडली नाही, याचे हेही एक कारण आहे.

वर्गात करून पाहा

हुकची कृती आजही करता येते. बर्नरच्या ज्योतीत बारीक काचनळी मधोमध मऊ करावी आणि ज्योतीबाहेर काढून दोन्ही हातांनी ओढावी. केसासारखा धागा निघतो. धाग्याचे टोक ज्योतीच्या निळ्या भागात कडेने धरावे. पृष्ठताणामुळे टोकाला गोळी तयार होते. दीड-दोन मिलिमीटरची झाली की बाजूला घेऊन पूर्ण निवू द्यावी आणि देठ मोडावा. हे काम शिक्षकांनी स्वतः, डोळ्यांवर चष्मा लावून करावे. तापलेली काच आणि थंड काच दिसायला सारख्याच असतात. जाड काळ्या कागदाला गोळीहून किंचित लहान छिद्र पाडून गोळी त्यावर बसवावी, दुसऱ्या तशाच कागदाने झाकावी आणि कडेने चिकटपट्टी लावावी. कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर घेऊन, गोळीच्या अगदी जवळ आणून, खिडकीतल्या उजेडाकडे पाहावे. सूर्याकडे कदापि पाहू नये. पहिल्या चार-पाच गोळ्या बिघडतील. त्यात बुडबुडे निघतील किंवा त्या लांबट होतील. बिघडलेल्या गोळ्याही मुलांना दाखवाव्यात.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश यांच्या गटाने 2014 साली जाहीर केलेला 'फोल्डस्कोप' हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शकही अशाच एका काचेच्या गोळीवर चालतो. जुने तत्त्व कालबाह्य झालेले नाही.

शेवटी एक विनंती. अनेक शाळांच्या कपाटांत एखादा पितळी सूक्ष्मदर्शक, लाकडी पेटीतला तराजू, हाताने फिरवायचे विद्युत्‌यंत्र असते. डेडस्टॉक रजिस्टरात 'निरुपयोगी' असा शेरा पडला की वर्षअखेरीस ते भंगारात जाते. 1747 साली डेल्फ्टमध्येही कोणाला वाटले नव्हते की या पत्र्यांना आणखी काही विचारायचे राहिले आहे. निर्लेखनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एखादी वस्तू बाजूला काढावी. ती कशासाठी होती, कोणी बनवली, शाळेत कधी आली, हे जुन्या रजिस्टरातून आणि निवृत्त शिक्षकांकडून शोधून एका कार्डावर लिहिण्याचे काम आठवी-नववीच्या मुलांना द्यावे. वस्तू आणि तिचे कार्ड प्रयोगशाळेच्या दाराशी एका फळीवर ठेवले, तर तेवढेही संग्रहालय शाळेला पुरे आहे.